स्वाइप मशीन घेण्याआधी हिशेब करा

बुलढाणा तालुक्यातील धाड हे जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचे गाव. इथे किंवा अशा कोणत्याही गावात किराणा, मोबाइल दुरुस्ती, शिवणकाम, चप्पल-बूट असा छोटा व्यवसाय उभा करणाऱ्या आपल्या तरुणांना आणि भगिनींना एक प्रश्न हमखास पडतो. दुकानात कार्डाचे स्वाइप मशीन घ्यावे का? आम्ही सरसकट हो किंवा नाही म्हणणार नाही. आधी हिशेब करा, एवढेच सांगू.

मशीन आले म्हणजे धंदा वाढला असे होत नाही. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे जिल्ह्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. बँकेने दुकानदारांना मशीन दिली. पुढे तिथला बराच व्यवहार पुन्हा रोखीवर आल्याच्या बातम्या आल्या. गिऱ्हाईक, नेटवर्क आणि खर्च यांचा मेळ बसला नाही, तर मशीन कोपऱ्यात पडून राहते.

म्हणून सुरुवात क्यूआर कोडपासून करावी. कागदी कोड चिकटवायला फारसा खर्च येत नाही. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून व्यवहार शुल्क घेतले जात नाही. मात्र पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या साउंड बॉक्सला भाडे असू शकते, ते विचारून घ्या. 'कार्ड चालते का?' असे विचारून गिऱ्हाईक परत जाऊ लागले, की मग मशीनचा विचार करा.

मशीनचा खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला, भाडे. समजा महिना ४०० रुपये भाडे आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७२ रुपये होतात. शंभर रुपयांच्या विक्रीत दहा रुपये सुटत असतील, तर नुसते भाडे भरून निघायला ४,७२० रुपयांची जास्तीची विक्री व्हायला हवी.

दुसरा खर्च म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे कापले जाणारे शुल्क, म्हणजे एमडीआर. वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला रुपे सोडून इतर डेबिट कार्डांवर जास्तीत जास्त ०.४० टक्के शुल्क लावता येते, ही रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे दर २ टक्के असेल, तर ३,००० रुपयांच्या बिलातून ६० रुपये आणि त्यावरचा जीएसटी जातो. डेबिट कार्डाचे हे शुल्क गिऱ्हाइकाकडून वेगळे मागता येत नाही.

अर्जासाठी साधारणपणे आधार, पॅन, बँक खाते आणि दुकानाचा पुरावा लागतो. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्या : भाडे किती, वापर कमी झाला तर दंड आहे का, पैसे खात्यात कधी येतात आणि मशीन परत करायचे तर काय. कोणत्या कंपनीचे सिम दुकानाच्या आत चालते तेही आधी तपासा.

फसवणूक टाळायला दोन नियम पुरेत. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, स्वतःच्या खात्यात जमा झाल्याचे पाहा. आणि पैसे घेण्यासाठी दुकानदाराला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा. बँकेने तक्रारीची दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्यातील बहुतेकांच्या घरी पिढीजात दुकान नव्हते, तारण ठेवायला शेती नाही. मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते, ५० हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्जही त्यातलेच. पण धंदा खरेच चालतो हे बँकेला दिसावे लागते. रोज खात्यात जमा होणारी विक्री हा त्याचा पुरावा. गल्ल्यातल्या नोटांचा असा कागद बनत नाही.

म्हणूनच क्यूआर असो वा मशीन, ते धंदा करणाऱ्याच्या खात्याला जोडलेले हवे. शिलाई मशीन बहीण चालवते आणि पैसे भावाच्या किंवा नवऱ्याच्या खात्यात जातात, असे असेल तर कष्ट तिचे आणि पत दुसऱ्याची होते. उद्या कर्ज मागायला ती बँकेत गेली, तर दाखवायला तिच्याकडे काहीच नसेल. तेव्हा मशीन नंतर घ्या, पण खाते आजच आपल्या नावाने उघडा.