घरचा हिशेब, घरचाच प्रोग्राम



अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत एक वही असते. वही नसेल तर एक फुगलेली फाइल, तीही नसेल तर निदान फ्रिजवर चिकटवलेला एक कागद. भारतातल्या बँकेची मुदत ठेव कधी संपते, आईबाबांच्या गोळ्या कोणत्या आणि किती वाजता, कोणाचे ब्लडप्रेशर किती भरले, हे सारे त्यात लिहिलेले असते. त्या वहीची खडान्‌खडा माहिती असलेली व्यक्ती घरात एकच असते, आणि तिला बहुधा प्रोग्रामिंग येत नाही. माझ्यासारख्या ज्याला प्रोग्रामिंग येते, त्याला त्या वहीतले फारसे कळत नाही. त्यामुळे "याचे काहीतरी कॉम्प्युटरवर करायला हवे" हे वाक्य वर्षानुवर्षे वाक्यच राहते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही अडचण आता बरीचशी दूर झाली आहे. आपल्याला काय हवे ते साध्या भाषेत सांगितले, अगदी मराठीत सांगितले, तरी चॅटजीपीटी, क्लॉड किंवा जेमिनाय यांच्यासारखी साधने चालणारा प्रोग्राम लिहून देतात. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे ओळखीची मंडळी मला दोन प्रश्न हमखास विचारतात. खरेच जमते का? आणि जमले तर त्यावर विसंबावे का? पहिल्याचे उत्तर सरळ 'हो' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर थोडे लांब आहे, आणि पैसा व औषध यांचा प्रश्न असल्याने ते नीट समजून घेणे जरूर आहे.

इच्छा जुनीच आहे

सामान्य माणसाला संगणकाकडून स्वतःचे काम स्वतः करून घेता यावे, ही धडपड आजची नाही. १९५९ साली 'कोबॉल' या भाषेचे काम सुरू झाले, ते व्यवहारातल्या इंग्रजीच्या जवळ जाणारी भाषा असावी म्हणून. पुढे १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिसीकॅल्क' ही पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट बाजारात आणली. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाने एकही ओळ प्रोग्राम न शिकता स्वतःचे कोष्टक मांडावे आणि एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत, ही त्या काळी नवलाई होती. आज आपण एक्सेल वापरतो ते त्याच घराण्यातले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि गप्पा मारता मारता प्रोग्राम लिहून घेण्याची सोय घराघरांत पोचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपाथी या संशोधकाने या पद्धतीला 'व्हाइब कोडिंग' असे नाव दिले. आतला प्रोग्राम न वाचताच, नुसते सांगत जायचे आणि चालते आहे ना ते पाहायचे, असा त्याचा अर्थ. गंमत म्हणून काही करायचे असेल तर हे ठीक आहे. घरच्या पैशांसाठी आणि औषधांसाठी मात्र याहून थोडी जास्त काळजी हवी.

हे यंत्र करते तरी काय?

या साधनांच्या पोटात एक 'भाषेचे मॉडेल' असते. प्रचंड प्रमाणात मजकूर आणि प्रोग्राम दाखवून त्याला तयार केलेले असते. आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढे कोणता शब्द येणे सयुक्तिक आहे ते ठरवायचे आणि असे करत करत उत्तर पुरे करायचे, हे त्याचे मूळ काम. प्रोग्राम हीही एक भाषाच असल्यामुळे ते मराठीत पत्र लिहिते तसाच प्रोग्रामही लिहिते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या निघतात. पहिली, त्याचे उत्तर चुकले तरी सूर तोच आत्मविश्वासाचा असतो. चेहरा पाहून चूक ओळखता येत नाही. दुसरी, तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर थोडे वेगळे येऊ शकते. म्हणून हिशेब थेट त्याच्याकडून करून घेण्यापेक्षा हिशेब करणारा प्रोग्राम त्याच्याकडून लिहून घ्यावा. प्रोग्राम एकदा तपासून बरोबर ठरला, की त्याच आकड्यांना तो दर वेळी तेच उत्तर देतो.

"मीठ अंदाजाने"

आपल्याकडे आईला पाककृती विचारली तर ती सांगते, "मीठ अंदाजाने घाल." पूर्वीच्या प्रोग्रामिंगमध्ये हे चालतच नसे. संगणकाला अंदाज नसतो. चमचा, अर्धा चमचा, सारे सांगावे लागे. कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र अंदाज करते. आपण जे सांगायचे विसरलो ते ती स्वतःच्या मनाने भरून काढते आणि काम पुढे नेते. तिचा सारा सोयीस्करपणा यात आहे आणि धोकाही यातच आहे.

आपल्या घरातली दोन उदाहरणे घेऊ. भारतातल्या बँकेच्या उताऱ्यावर ०३/०४/२०२५ अशी तारीख आहे. आपल्या लेखी ती ३ एप्रिल. अमेरिकन पद्धतीने ती ४ मार्च. महिन्याची तारीख १२ च्या पुढची असली तर गडबड लगेच उघडकीला येते, कारण तेरावा महिना नसतो. १२ पर्यंतच्या तारखा मात्र मुकाट्याने उलट्या होतात आणि ठेवीच्या मुदतीचा दिवस महिनाभर इकडे तिकडे सरकतो. दुसरे, १,५०,००० ही रक्कम. काही फाइलींत स्वल्पविराम म्हणजे नवा रकाना असा संकेत असतो. मग दीड लाखाचे १, ५० आणि ००० असे तीन तुकडे होतात. आपण तोंडाने 'लाख' म्हणतो, पण यंत्राला ते सांगितलेले नसते.

पैशांचे उदाहरण: एफबार

अमेरिकेचे नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि करासाठी रहिवासी ठरणारे इतर यांची परदेशातली सर्व खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर फिनसेन फॉर्म ११४, म्हणजेच 'एफबार', भरावा लागतो. मुदत १५ एप्रिल. ती चुकली तर आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. आईवडिलांबरोबरचे संयुक्त खातेही यात धरावे लागते, त्यातला एक पैसाही आपला नसला तरी.

यासाठी छोटासा प्रोग्राम करून घेणे सहज शक्य आहे. प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक रुपयांत घ्यायची, अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याने वर्षाच्या शेवटच्या दिवसासाठी दिलेल्या दराने तिचे डॉलर करायचे, आणि अपूर्णांक आला तर वरच्या पूर्ण डॉलरवर न्यायचा. नियम एवढाच.

आता प्रोग्राम तयार झाला. तो बरोबर आहे का, हे कसे ओळखायचे? ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न त्याला विचारायचा. समजा तीन खाती आहेत: ४,०००, ३,५०० आणि ३,००० डॉलर. बेरीज १०,५००, म्हणजे फॉर्म भरायला हवा. प्रोग्रामने प्रत्येक खाते वेगवेगळे तपासून "कोणतेही खाते १०,००० च्या वर नाही, फॉर्मची गरज नाही" असे सांगितले, तर नियम त्याला कळलेलाच नाही. ही कसोटी लावायला प्रोग्रामिंग लागत नाही, नियम माहीत असावा लागतो. आणि चुकीची किंमत लहान नाही. मुद्दाम न केलेल्या चुकीलाही कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे आणि महागाईनुसार ही मर्यादा वाढत जाते. हा दंड खात्यागणिक न लावता वर्षाच्या अहवालागणिक लावावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बिटनर खटल्यात दिला, एवढाच काय तो दिलासा.

औषधांचे उदाहरण

भारतात राहणाऱ्या आईबाबांच्या गोळ्यांची आठवण करून देणारे वेळापत्रक अनेकांना हवे असते. मुंबईत सकाळचे ८ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात आदल्या रात्रीचे ९:३० आणि उन्हाळ्यात १०:३० वाजलेले असतात, कारण भारतात घड्याळे पुढेमागे करत नाहीत. "रात्री ९:३० ला आठवण कर" असे सांगितले तर मार्चमध्ये सगळे एका तासाने चुकेल. "भारतीय वेळेनुसार सकाळी ८" असेच सांगायला हवे.

याहून गंभीर गोष्ट गोळ्यांच्या प्रमाणाची. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते. गोळ्यांचे वेळापत्रक म्हणजे रोजचेच, असा अंदाज प्रोग्रामने केला तर काय होईल, हे सांगायला नको. तसेच नावांचे. आईबाबा इकडे आले की पिशवीत क्रोसिन असते आणि आपल्या कपाटात टायलेनॉल. दोन्हींतले औषध एकच; भारतात त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, इथे ॲसिटामिनोफेन. नुसती दुकानातली नावे लिहिणारी यादी त्यांना दोन वेगळी औषधे समजते, आणि दुप्पट डोस पोटात जातो. म्हणून यादीत औषधाच्या मूळ नावाचा वेगळा रकाना हवा, आणि भरलेली यादी एकदा फार्मासिस्टला दाखवायला हवी.

काम कसे करावे?

१. आधी कागदावर मराठीत लिहा: काय भरायचे, काय बाहेर यायला हवे, आणि काय कधीही होता कामा नये. हे तिसरे बहुतेक जण विसरतात.

२. "लगेच प्रोग्राम लिहू नकोस, आधी मला प्रश्न विचार" असे सांगा. त्याच्या प्रश्नांमधून आपल्याच डोक्यातला गोंधळ दिसतो.

३. प्रोग्राम तयार झाल्यावर विचारा, "मी न सांगितलेल्या कोणत्या गोष्टी तू गृहीत धरल्यास, त्यांची यादी दे." या एका प्रश्नाने तारखा, स्वल्पविराम आणि वेळा यांचे बरेच घोटाळे वेळीच पकडता येतात. यादी पुरी असेलच असे मात्र नाही, म्हणून पुढची पायरी सोडू नये.

४. खोटी नावे आणि खोटे आकडे घालून तपासा. पाच उदाहरणे हाताने सोडवा, त्यांतली एक-दोन मुद्दाम विचित्र असू द्या: रिकामी जागा, शून्य रक्कम, २९ फेब्रुवारी.

५. सोशल सिक्युरिटी, पॅन, आधार आणि खाते क्रमांक संभाषणात कधीही लिहू नका. १९९६ चा हिपा कायदा डॉक्टर, रुग्णालय आणि विमा कंपनी यांना बांधतो. आपण होऊन एखाद्या साध्या चॅट सेवेत टाकलेल्या माहितीला ते संरक्षण सहसा मिळत नाही.

६. "ब्राउझरमध्ये उघडणारी, इंटरनेटशिवाय चालणारी एकच फाइल दे, आणि माहिती माझ्याच संगणकावर राहू दे" अशी मागणी करा. सोबत माहितीची प्रत काढून ठेवण्याचे बटण मागा. ब्राउझर साफ केला की साठवलेले पुसले जाऊ शकते.

कुठे थांबावे?

नोंद ठेवणारा प्रोग्राम जरूर करावा. निर्णय घेणारा करू नये. ब्लडप्रेशरच्या आकड्यांचा आलेख काढून डॉक्टरांपुढे ठेवणे उत्तम, पण आलेख पाहून गोळी वाढवणे हे डॉक्टरांचेच काम. एफबारचे आकडे काढावेत, पण शंका आली तर सीपीएला विचारावे. आणि दुसऱ्यांची माहिती किंवा पैसे आले, की घरगुती प्रोग्रामची हद्द संपते. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला कोण येणार याची यादी ठीक आहे, पण क्रेडिट कार्डाने वर्गणी घेण्यासाठी रूढ आणि खात्रीची सेवाच वापरावी.

"चालते आहे" आणि "बरोबर आहे" यांत अंतर असते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळजवळ १६,००० रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नव्हती. फाइल उघडत होती, आकडे दिसत होते, फक्त खालचे गळत होते. एका सरकारी खात्यात हे घडू शकते, तर आपण घरी सावध असलेलेच बरे.

तरीही माझा सल्ला विचाराल तर सुरुवात जरूर करा. इतकी वर्षे प्रोग्रामिंग येणारा माणूस शोधावा लागत होता. आता कामाची खरी माहिती असलेला माणूस हवा आहे, आणि तो बहुधा तुमच्या घरी वही घेऊन बसलेलाच आहे. औषध आणि करापासून सुरुवात नको. आधी वाणसामानाची यादी किंवा भिशीचा हिशेब घ्या. तो महिनाभर वहीच्या जोडीने चालवा, दोन्हींचा ताळमेळ बसला की मगच पुढचे काम हाती घ्या. वही मात्र लगेच टाकून देऊ नका.