गेलेली पत कार्डानेच परत आणली

अक्काचा फोन आला की ती आधी मराठीत बोलते. सासूबाईंचे गुडघे, सोयाबीनचा भाव, तिकडची थंडी. मग आवाज खाली येतो आणि ती कन्नडवर घसरते. बेळगावात वाढलेल्या आम्हा बहिणींना यात नवल नाही. माहेरची आणि मनातली गुपिते सासरी कळू नयेत म्हणून सीमाभागातल्या कितीतरी लेकींनी ही दुसरी भाषा अशीच कामाला लावली आहे. २०२१ च्या दिवाळीत तिने असेच हळूच सांगितले, "साल भाळ आग्येद." कर्ज फार झाले आहे. शेजारच्या खोलीत सासूबाई होत्या, म्हणून हे वाक्य मराठीत येणे शक्यच नव्हते.

अक्का म्हणजे माझी मामेबहीण. तिला दिली थेट माळव्यात, मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, हाटपिपल्याला. "एवढ्या लांब?" म्हणून घरात कुरकुर झाली, तेव्हा मामा म्हणाले होते, "आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व देवासला जाऊन राहिले, मग आमची पोर राहणार नाही काय?" धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्यामुळे त्या मुलखात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दाजींचे हाटपिपल्याच्या बाजारात कापडाचे दुकान. गिऱ्हाईक बहुतेक खेड्यातले, उधारी सोयाबीन विकल्यावर फिटणारी. आणि या सगळ्या व्यवहारात २०१७ साली एक क्रेडिट कार्ड आले.

कार्ड आले तेव्हा घरात कौतुकच झाले. इंदूरच्या ठोक व्यापाऱ्याकडे माल उचलायचा, कार्ड घासायचे आणि पैसे महिन्या-दीड महिन्याने द्यायचे. तोवर निम्मा माल विकलेला असायचा. हे गणित तीन वर्षे बरोबर चालले. २०२० च्या मार्चमध्ये दाजींनी अक्षय्य तृतीयेच्या लग्नसराईसाठी साड्या भरल्या आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. लग्ने झाली नाहीत. साड्या कपाटात आणि सुमारे १ लाख २० हजार रुपये कार्डावर.

त्या वेळी रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती, ती वाढत वाढत ऑगस्टअखेरपर्यंत गेली. दाजींना वाटले, सहा महिने सुटका झाली. पण पुढे ढकलले होते ते फक्त भरणे, व्याज थांबले नव्हते. सवलत संपल्यावर बिल आले, त्यात 'किमान भरायची रक्कम' म्हणून एक लहानसा आकडा होता. तेवढाच भरत राहिले. इथे जरा थांबून हिशेब मांडते, कारण पुष्कळ शिकलीसवरलेली माणसेसुद्धा इथेच फसतात. महिना साडेतीन टक्के धरले तर १ लाख २० हजारांवर व्याज ४,२०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७५६. झाले ४,९५६. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही भरता ६,०००. म्हणजे सहा हजार खिशातून गेले आणि मूळ कर्ज उतरले १,०४४ रुपयांनी! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दूध-भाजी घेतली तरी त्या दिवसापासून व्याज. कन्नडमध्ये 'सालवे शूल' म्हणतात, कर्ज म्हणजेच सूळ. कार्डाचे कर्ज तर दर महिन्याला इंच इंच आत जाणारा सूळ.

मग हप्ते चुकले, वसुलीचे फोन सुरू झाले. दिवाळीत अक्काने फोन केला तो याच दिवसांत. शेवटी बँकेच्या माणसाने तडजोड सुचवली, एकरकमी ७० हजार द्या आणि मोकळे व्हा. दाजींनी उसनेपासने करून दिले. घरात सुटकेचा नि:श्वास टाकला गेला. कागद कोणी नीट वाचला नाही.

तो कागद २०२३ च्या जुलैत पुढे आला. भाचीला इंदूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, शैक्षणिक कर्जासाठी अर्ज केला. अशा कर्जात आईवडील सहकर्जदार असतात, त्यामुळे बँकेने दाजींचा सिबिल पाहिला आणि नाही म्हटले. पोरीची चूक काही नव्हती. पहिल्या वर्षाची फी अक्काच्या पाटल्या मोडून भरली. सासूबाईंना सांगितले, पाटल्या लॉकरमध्ये आहेत.

'पत' हा आपला किती जुना शब्द! पूर्वी ती वाण्याच्या वहीत आणि गावाच्या तोंडात असायची. पेठेतला दुकानदार माणसाच्या चेहऱ्यावरून, बापाच्या नावावरून उधार द्यायचे की नाही ते ठरवायचा. आता ती मुंबईच्या संगणकात असते. सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली, पत-माहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. आज अशा चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना देतात आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. साडेसातशेच्या वर असेल तर बँका सहसा खुशीत असतात.

आपल्या भागातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपली निम्मी कर्जे पतसंस्थेत आणि सौहार्द सहकारी संस्थांत असतात. त्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँका नव्हेत. तिथे वीस वर्षे हप्ता न चुकवता भरला, चेअरमन स्वतः चहा पाजतात, तरी ती चांगली वागणूक सिबिलच्या कागदावर उमटेलच असे नाही. गावात पत आणि संगणकात शून्य, असे होऊ शकते.

दाजींचा आकडा ५४८ निघाला. हा अहवाल त्यांनी प्रथम तेव्हा पाहिला. खरे तर २०१७ पासून चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा नियम आहे, पण आजारी पडल्याशिवाय आपण रक्त कुठे तपासतो? अहवालात दोन धक्के होते. पहिला, जुन्या कार्डापुढे 'सेटल्ड' असा शेरा. दाजी समजत होते, सेटल म्हणजे मिटले. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, पूर्ण घेणे वसूल झाले नाही, उरलेले सोडून द्यावे लागले. 'क्लोज्ड' म्हणजे मिटले. या दोन शब्दांत पाटल्यांचे अंतर होते. दुसरा धक्का पुतण्याच्या मोटारसायकलच्या कर्जाचा. दाजी त्याला जामीन राहिले होते, पुतण्याने हप्ते उशिरा भरले आणि तो उशीर दाजींच्या कागदावरही दिसत होता. जामीन राहणे ही सही नसते, ते अर्धे कर्जच असते. पण आपल्याकडे "काका, सही करा ना" म्हटल्यावर नाही म्हणणारा काका अजून जन्मायचा आहे.

यानंतर घरात एक माणूस आला. "सिबिल साफ करून देतो, आठ हजार लागतील." दिले. काहीच झाले नाही. अशा माणसांना मी सरळ ठग म्हणते. खरी नोंद कोणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही आणि खोटी नोंद असेल तर ती फुकट दुरुस्त होते. त्या कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करायची, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची, असे रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ठरवून दिले आणि सहा महिन्यांनी ते लागू झाले.

दाजींची नोंद खोटी नव्हती. तेव्हा एकच रस्ता उरला होता, जुन्या बँकेला पत्र लिहून विचारायचे, सोडून दिलेली रक्कम आता भरतो, किती? दाजी तयार नव्हते. "जे बँकेने स्वतः सोडलं, ते परत जाऊन द्यायचं?" त्यांचे म्हणणे व्यापाऱ्याचे होते आणि चूक नव्हते. पण अक्का हटून बसली. बऱ्याच हेलपाट्यांनंतर ५२ हजारांवर बोलणी ठरली, पैसे भरले, बाकी नसल्याचा दाखला घेतला आणि शेरा बदलून 'क्लोज्ड' झाला. चुकलेल्या हप्त्यांचे महिने मात्र गेले नाहीत. अहवालात मागच्या ३६ महिन्यांची वागणूक महिन्यागणिक दिसते. ती पुसता येत नाही, तिच्यावर नवे चांगले महिने रचत जायचे असतात. पण रचायचे कशाने? कर्ज कोणी देत नाही आणि कर्ज फेडल्याशिवाय पत येत नाही.

तेव्हा अक्काने मला विचारले आणि मी सांगितले, कार्ड घ्या. फोनवर इतका वेळ शांतता पसरली की मला वाटले लाईन कटली. मग ती म्हणाली, "तुला वेड लागलंय गं. ज्या विंचवानं डंख मारला, तोच परत घरात घेऊ?"

मी सांगत होते ते मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड. पुष्कळ बँका ते देतात. तुम्ही बँकेत ठेव ठेवायची, बँक ती तारण धरते आणि तिच्या ८०, ९० टक्क्यांपर्यंत, काही ठिकाणी पूर्ण रकमेइतकी मर्यादा देते. ठेवीवरचे व्याज चालू राहते, पण कार्ड बंद करेपर्यंत ठेव मोडता येत नाही आणि पैसे बुडवलेत तर बँक ठेवीतून वळते करते. बँकेला धोका नाही, म्हणून खराब सिबिलवाल्यालाही ते सहसा मिळते. आणि मुख्य म्हणजे त्याची नोंद साध्या कार्डासारखीच चारही कंपन्यांकडे जाते. डेबिट कार्ड कितीही वापरा, प्रीपेड कार्डात कितीही भरा, त्याने पत वाढत नाही, कारण तो आपलाच पैसा. आपल्याकडची जी मुले अमेरिकेत जातात त्यांनाही हेच करावे लागते. इथली पत तिथे चालत नाही, म्हणून अनामत ठेवून पहिले कार्ड घ्यायचे आणि शून्यापासून सुरुवात.

दाजींनी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये २५ हजारांची ठेव ठेवली, २० हजारांची मर्यादा मिळाली. कार्ड दुकानात न्यायचे नाही ही अक्काची अट. कार्ड तिच्याच डब्यात, तांदळाच्या. त्यावर फक्त विजेचे बिल, गॅस आणि मोबाईल. महिन्याचे तीन-चार हजार. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलेले बरे असे जाणकार सांगतात, म्हणजे इथे सहा हजार. मर्यादा दर महिन्याला गळ्यापर्यंत वापरणारा माणूस पैशाला मोताद दिसतो, वेळेवर भरले तरी. एटीएममधून कार्डावर रोख काढायची नाही, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क. आणि बिल आले की 'किमान' या शब्दाकडे बघायचेसुद्धा नाही, पूर्ण भरायचे. मी दरवर्षी पाठवते ते कालनिर्णय हाटपिपल्याच्या स्वयंपाकघरात टांगलेले असते. एकादशीला निळा गोल आणि बिलाच्या तारखेच्या पाच दिवस आधी लाल गोल. नियमाने मुदतीनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही, पण अक्काला त्या तीन दिवसांवर विश्वास नाही.

कार्ड सगळ्यांनीच घ्यावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. जुनी थकबाकी अंगावर असताना नवे कार्ड घेणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. ज्याच्या हाताला पैसा थांबत नाही हे घरच्यांना ठाऊक आहे, त्याने तर त्या वाटेला जाऊच नये. आणि आकडा लवकर वर जावा म्हणून एकदम तीन-चार ठिकाणी अर्ज केले तर उलटेच होते, प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

पहिले सहा महिने आकडा जेमतेम हलला. दाजी म्हणायचे, "क्या फायदा?" घरात ते रागावले की हिंदीत जातात. पुतण्याला बसवून त्याचे कर्ज मार्गी लावले, तेव्हा कुठे सहाशेच्या वर गेला. २०२५ च्या जानेवारीपासून बँकांनी निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायची असे ठरले, पूर्वी महिन्याने जायची. त्यामुळे आकडा बघायचा नादच लागला दोघांना. जूनमध्ये ७१२. सगळ्यांचे इतक्याच वेळात होईल असे नाही. दाजींची थकबाकी एकच होती आणि ती पूर्ण फिटली होती.

दुसऱ्या वर्षाची फी साड्यांचा जुना माल स्वस्तात काढून भागली होती. तिसऱ्या वर्षासाठी पुन्हा अर्ज केला. जुलैत एके दुपारी अक्काचा फोन आला. तब्येत नाही, भाव नाही, आवाज खाली नाही. सरळ मराठीत, माजघरातून, मोठ्याने, "मंजूर झालं गं! त्या कार्डामुळं झालं!"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "कुठलं कार्ड?"

अक्काने फोन ठेवला.