शिकताना लुक्मा देणारा हवा

रमजानमध्ये तरावीह पढवणारा हाफिज तीस पारे न पाहता ऐकवतो, तेव्हा त्याच्या मागे पहिल्या सफमध्ये बहुधा दुसरा एक हाफिज उभा असतो. त्याला सामे म्हणतात. इमाम अडखळला किंवा एखादी आयत सुटली की सामे तिथल्या तिथे लुक्मा देतो, म्हणजे पुढचे शब्द म्हणतो. इमाम ते घेतो, दुरुस्त करतो आणि नमाज पुढे चालू राहते. सलाम फिरवल्यावर कोणी त्याला म्हणत नाही, की तुला अजून येत नाही. पण आपल्याच घरात चाळिशीतली भाभी शिवणयंत्रावर बसली आणि तिने बाही उलटी जोडली, तर चार दिवस तोच हसण्याचा विषय होतो. पाचव्या दिवशी मशीनवर चादर पडते.

नवे काही शिकायची उत्तम रीत मोहल्ल्यातल्या मदरशात रोज चालू असते, असे आम्हाला वाटते. आपण मात्र ती हिफ्झपुरतीच समजतो. हिफ्झ करणाऱ्या मुलाचा दिवस तीन भागांत वाटलेला असतो. सबक म्हणजे आजचा नवा धडा, कोणाला पाच-सात ओळी, कोणाला पानभर. सबक पारा म्हणजे गेल्या काही दिवसांत पाठ झालेले. आणि आमोख्ता, ज्याला काही ठिकाणी मंझिल म्हणतात, ते म्हणजे जुने पारे, आळीपाळीने ऐकवायचे. जसजसे पारे वाढतात तसतसा आमोख्ता वाढत जातो. बाहेरून पाहणाऱ्या आईबापांना वाटते, मुलगा पुढे सरकतच नाही. उस्तादांना मात्र जुने सांभाळण्याचीच अधिक चिंता असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुरआन सांभाळण्याची ताकीद देताना बांधलेल्या उंटाचा दाखला दिला होता. लक्ष ठेवले नाही तर उंट सुटून जातो, आणि पाठ केलेला कुरआन त्याहूनही लवकर निसटतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो छापला. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक तासाभरातच गळून गेले होते! म्हणजे विसरणे हा मठ्ठपणा नव्हे, तो सर्वांच्याच डोक्याचा स्वभाव आहे. तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून सर्टिफिकेट फाईलमध्ये ठेवले आणि घरी कीबोर्डला हात लागला नाही, तर दुसरे काय होणार?

दुसरी गोष्ट ऐकवण्याची. मदरशात पाठ झाले की नाही हे मुलगा ठरवत नाही. मुसहफ बंद करून उस्तादांपुढे बसल्यावर ते ठरते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासले. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून पुढे न पाहता आठवून लिहिला. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले. गंमत अशी, की आपल्याला चांगले आठवेल हा भरवसा मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. मोबाईलवर बिर्याणीचा किंवा कुर्त्याच्या कटिंगचा व्हिडिओ चौथ्यांदा पाहताना आपल्याला हाच भरवसा वाटत असतो. व्हिडिओ बंद करून कापडाला कात्री लावली की खरे काय ते कळते.

शिवणाचेच पाहा. जाणत्या आपा शिकवतात तेव्हा आधी सुईत दोराच घालत नाहीत. वहीच्या रेघांवर कोरी मशीन चालवायला लावतात. हा झाला सबक. मग सरळ टीप, मग उशीचा अभ्रा, मग सलवार. गळा आणि बाही फार पुढे. गळ्यापर्यंत पोहोचलेल्या मुलीलाही आठवड्याला एखादा अभ्रा शिवायला द्यावा, हा तिचा आमोख्ता. पहिल्याच आठवड्यात ईदचा ड्रेस शिवायला घेणारी बहुधा टेलरकडेच जाते.

गरज असली तर शिकणे झपाट्याने होते, हेही खरे. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) यहुदींची लिपी शिकायला सांगितले, तेव्हा त्यांनी ती पंधरवड्याच्या आत शिकून घेतली, असे हदीसमध्ये आहे. शिकल्यावर लगेच ती पत्रे वाचायची आणि लिहायची जबाबदारी त्यांच्याकडे आली. घरात ज्याला मोबाईलवरून वीजबिल भरायला शिकवाल, त्या महिन्यापासून बिल त्यालाच भरू द्या.

आणि वय? कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. त्या मजहबच्या मोठ्या इमामांपैकी एक होते मर्वचे अबू बक्र अल-कफ्फाल. कफ्फाल म्हणजे कुलपे बनवणारा. तोच त्यांचा धंदा होता आणि त्यात त्यांचा हात फार बारीक चाले. वयाची तिशी गाठल्यावर त्यांनी फिकहच्या अभ्यासाला सुरुवात केली. हिजरी ४१७ (इ.स. १०२६) मध्ये त्यांची वफात झाली, तेव्हा खुरासानात त्यांच्या शागिर्दांची मोठी परंपरा उभी राहिली होती.

तरीही आपल्याकडे कित्येक वडीलधाऱ्यांना नाझरा नीट येत नाही आणि नातवापुढे ते उघड होऊ नये म्हणून ते मुसहफ उघडायचेच टाळतात. याचे आम्हाला फार वाईट वाटते. अडखळत, कष्टाने पढणाऱ्याला दुप्पट अज्र आहे, ही हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस सर्वांना ठाऊक असते. तरी अडखळणाऱ्याला घरात जागा नसते. यात सामेकडून शिकण्यासारखे आहे. तो लुक्म्याची घाई करत नाही, इमामाला आधी स्वतः आठवू देतो. अडल्यावर लागतील तेवढेच शब्द देतो आणि गप्प होतो. दादांनी हर्फ चुकवला तर नातवाने तेवढा हर्फ सांगावा. सुनेची टीप वाकडी गेली तर सासूबाईंनी तेवढी टीप उसवायला सांगावी. मागच्या वेळचा हिशेब काढू नये.

वेळ थोडा असला तरी ठरलेला असावा. अर्धा तास पुरतो, पण तो रोज हवा; फजरनंतरचा असेल तर फारच चांगले. लग्नसराई, आजारपण, रमजानची धावपळ यांत खंड पडणारच. अशा वेळी उस्ताद काय करतात ते पाहा. सुट्टीवरून आलेल्या मुलाला ते लगेच नवा सबक देत नाहीत. काही दिवस नुसता आमोख्ता ऐकतात. महिनाभर बंद असलेल्या मशीनवरची चादर काढाल तेव्हा आधी एक अभ्रा शिवा.