बाराव्या घराण्यातली आठवी राजा

इजिप्तची राणी म्हटलं की क्लिओपात्रा, एवढंच नाव आपल्या तोंडी येतं. आज आम्ही तिच्याही पावणेदोन हजार वर्षं आधीच्या एका बाईबद्दल सांगणार आहोत. तिचं नाव सोबेकनेफेरू. सोबेक हा तिथला मगरीच्या रूपातला देव.

ती राजाची बायको म्हणून राणी नव्हती बरं का! ती स्वतःच राजा होती. तिथल्या राजाला पाच पदव्या असत, त्या पाचही तिने घेतल्या. तिच्या आधी कुणा बाईने असं केल्याचा पक्का पुरावा नाही.

तिचे वडील आमेनेमहात तिसरे. त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं राज्य केलं. नंतर आमेनेमहात चौथा आला, तो नऊएक वर्षं होता. त्याच्यानंतर, इसवी सनापूर्वी १८००च्या सुमारास, ही गादीवर बसली.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिचा एक पुतळा आहे. डोकं नाही, पाय नाहीत, नुसतं धड उरलंय. पण तेवढंच बघण्यासारखं आहे. अंगात बायकांचा पोशाख. त्यावरून कमरेला राजाने नेसायचं वस्त्र. छातीवर राजाच्या शिरोवस्त्राची दोन टोकं. म्हणजे राजाचा मान तर घेतला, पण त्यासाठी बाईपण लपवलं नाही. लिहितानाही तिच्या पदव्या बऱ्याच ठिकाणी स्त्रीलिंगी केलेल्या आढळतात. आम्हाला तर हे फारच आवडलं.

तिच्यानंतर बारावं घराणं संपलं. मग साहजिकच कुणालाही वाटेल, बाई गादीवर आली आणि राज्य बुडालं! पण तसं घडलं नाही. तेराव्या घराण्याचे राजे आले, राजधानी तीच राहिली, कारभारही पुढे चालू राहिला. हे नवे राजे मात्र भराभर बदलत गेले. तिच्या काळात नाईल नदीच्या पुराची पातळी दक्षिणेला नूबियातल्या खडकावर कोरून ठेवलेली आहे. वर्ष तिसरं, असा तिथे उल्लेख आहे. पुरावर शेती अवलंबून, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

पुढे पाचशे वर्षांनी सेती पहिला या राजाने अबायडोसच्या देवळात जुन्या राजांची नावं भिंतीवर कोरून घेतली. ७६ नावं आहेत. त्यात आमेनेमहात चौथा आहे, आणि हिचं नाव गाळलंय.

पण त्यानंतर थोड्याच काळात कागदासारख्या पपायरसवर लिहिलेली दुसरी एक यादी आज इटलीत तुरीनला आहे. फाटून तुकडे झालेत तिचे. त्यात सोबेकनेफेरूचा काळ अगदी दिवसासकट लिहिलाय: ३ वर्षं, १० महिने, २४ दिवस. खाली घराण्याची बेरीज मांडली आहे. राजे ८. त्या आठांत ही धरलेली आहे.