विश्लेषण : ग्राफिक्स कार्डची मेमरी स्वतःच्या क्षमतेपेक्षा हळू का धावते? ‘ओव्हरक्लॉकिंग’ने उरलेला वेग मिळतो का?

एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०८० हे ग्राफिक्स कार्ड जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आले. त्याची मेमरी ३० गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने चालते, असे कंपनीचा तपशील सांगतो. मात्र कार्ड उघडून पाहणाऱ्या परीक्षकांना आत सॅमसंगच्या ज्या चिप सापडल्या, त्या ३२ गिगाबिटच्या वेगासाठी बनवलेल्या होत्या. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतला थोडा वेग वापरलाच जात नाही. तो आपणच काढून घ्यावा, असा विचार गेम खेळणाऱ्यांच्या आणि आता घरच्या संगणकावर एआय मॉडेल चालवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात येतो. त्यात गैर काही नाही. पण चिपवरचा आकडा नेमके कशाचे आश्वासन देतो, हे आधी समजून घेतलेले बरे.

दोन वेगवेगळे आकडे कशामुळे?

ग्राफिक्स कार्डचा मुख्य प्रोसेसर आणि त्याभोवतीच्या मेमरी चिप बहुतेकदा वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात. मेमरी मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन बनवतात. कारखान्यातून निघालेली प्रत्येक चिप तपासून तिची प्रतवारी होते. सॅमसंगच्या जीडीडीआर६ चिपच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एचसी१४’ असेल तर ती १४ गिगाबिटची, ‘एचसी१६’ असेल तर १६ गिगाबिटची. हा वेग एका डेटा पिनचा असतो. पिनांची संख्या गुणिले वेग भागिले आठ, असा हिशेब केला की कार्डची एकूण बँडविड्थ मिळते. आरटीएक्स ५०८० मध्ये २५६ पिन आहेत, त्यामुळे ३० गिगाबिटला ९६० जीबी प्रतिसेकंद आणि ३२ गिगाबिटला १०२४ जीबी प्रतिसेकंद. फरक साधारण पावणेसात टक्क्यांचा.

म्हणजे चिपवरचा आकडा ही मेमरी बनवणाऱ्याची हमी आहे, ठरावीक व्होल्टेज आणि तापमानापुरती. कार्डच्या खोक्यावरचा आकडा ही कार्ड विकणाऱ्याची हमी. ग्राहकाशी व्यवहार झालेला असतो तो दुसऱ्याचा.

२०२० मध्ये एएमडीच्या कार्डबाबत काय घडले?

या दोन हम्यांमधली फट सगळ्यात ठळक दिसली ती एएमडीच्या आरएक्स ५६०० एक्सटीच्या वेळी. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने हे कार्ड १२ गिगाबिट मेमरीसह जाहीर केले, किंमत २७९ डॉलर. विक्री सुरू व्हायच्या आधीच एनव्हिडियाने स्पर्धेतल्या आरटीएक्स २०६० ची किंमत ३४९ वरून २९९ डॉलरवर आणली. एएमडीने किंमत न घटवता वेग वाढवला. कार्डची नवी बायोस, म्हणजे कार्ड सुरू होताना वेग आणि व्होल्टेज ठरवणारा मूळ प्रोग्राम, अगदी शेवटच्या दिवसांत परीक्षकांच्या हाती पडली. तिच्यात प्रोसेसरचा कमाल वेग १५६० वरून १७५० मेगाहर्ट्झ झाला आणि अनेक कार्डांची मेमरी १२ वरून १४ गिगाबिटवर गेली. १९२ पिनांच्या त्या कार्डची बँडविड्थ २८८ वरून ३३६ जीबी प्रतिसेकंद झाली. एकही सुटा भाग न बदलता जवळपास १७ टक्के वाढ! हे जमले कारण त्यातल्या अनेक कार्डांवर मुळातच १४ गिगाबिटच्या चिप बसवलेल्या होत्या.

पण तोवर जुन्या बायोसची खोकी कारखान्यांतून निघून दुकानांत पोहोचली होती. २१ जानेवारीला कार्ड घेणाऱ्या अनेकांना परीक्षणात वाचलेला वेग मिळवण्यासाठी बायोस स्वतः बदलावी लागली. काही कार्डनिर्मात्यांनी महागड्या मॉडेलना १४ गिगाबिट आधी दिले आणि स्वस्त मॉडेलना मागे ठेवले. कारण चिप १४ ची असली तरी तिच्यापर्यंत जाणारे सर्किट बोर्डवरचे मार्ग, तिला मिळणारी वीज आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर त्या वेगाला टिकतात का, हे तपासणे हे कार्ड बनवणाऱ्याचे काम असते आणि त्याला वेळ लागतो. एएमडीने बाजारातली लढाई जिंकण्यासाठी ही तपासणी ऐनवेळी भागीदारांवर आणि थोडीफार ग्राहकांवरही ढकलली, असे म्हणावे लागते.

मग वेग राखून का ठेवतात?

तांत्रिक कारणे वर आलीच. शिवाय वरच्या किमतीचे मॉडेल झाकोळले जाऊ नये हा हिशेब असतो, आणि एकाच प्रतीच्या चिप घाऊक घेऊन वेगवेगळ्या कार्डांवर लावणे सोयीचेही पडते.

सॉफ्टवेअरमध्ये भलतेच आकडे का दिसतात?

इथे नवखे हमखास गोंधळतात. २०१९ च्या आरटीएक्स २०८० सुपरचे उदाहरण घ्या. चिप १६ गिगाबिटच्या, कार्ड चालते १५.५ वर. जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर तोच वेग १९३८ मेगाहर्ट्झ दाखवते, तर आफ्टरबर्नरमध्ये तो ७७५० च्या आसपास दिसतो. दोन्ही बरोबरच. पहिल्या आकड्याला आठने आणि दुसऱ्याला दोनने गुणले की १५,५०० येतात. त्यामुळे १६ गिगाबिट गाठायला आफ्टरबर्नरमध्ये २५० वाढवावे लागतात, ५०० नव्हे. हा गुणाकार चुकला तर चिपच्या मर्यादेपर्यंत जायचे सोडून माणूस नकळत तिच्या पलीकडे जातो. आणि एवढे करून २०८० सुपरवर मिळणार काय, तर ३.२ टक्के जास्त बँडविड्थ. गेममध्ये ते डोळ्यांना जाणवणेही कठीण.

स्क्रीन ठीक दिसते, म्हणजे सगळे ठीक का?

नाही, आणि खरी मेख इथेच आहे. मेमरीला वेग झेपत नसेल तर स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन दिसतात, गेम बंद पडतो, ड्रायव्हर कोसळतो. हे निदान कळते तरी. पण जीडीडीआर५ पासूनच्या मेमरीत डेटा वाटेत बिघडला का, हे तपासण्याची सोय आहे. चूक आढळली की तोच डेटा पुन्हा पाठवला जातो. स्क्रीनवर काहीच बिघाड दिसत नाही, सॉफ्टवेअरमधला आकडाही वाढलेला असतो, आणि प्रत्यक्षात काम मात्र मंदावते, कारण मेमरीचा वेळ फेरपाठवणीत जातो. म्हणून वेग थोडा थोडा वाढवायचा आणि दर टप्प्यावर तीच चाचणी पुन्हा घेऊन गुण लिहून ठेवायचे. गुण वाढायचे थांबले किंवा घसरले की मागे यायचे, मग चिपचा आकडा अजून दूर असला तरी.

एआयसाठी कार्ड वापरणाऱ्यांनी जरा जास्तच जपावे. घरच्या कार्डवर भाषा मॉडेल चालवताना उत्तराचा वेग बराचसा मेमरीच्या बँडविड्थवर अवलंबून असतो, त्यामुळे पाच-सात टक्के इथे खरोखर उपयोगी पडतात. पण ही तपासणी वाटेतल्या चुका पकडते, मेमरीत आधीच साठवलेला एखादा बिट उलटला तर तो तिच्या नजरेत येत नाही. गेममध्ये एक पिक्सेल चुकला तर कोणाचे काही बिघडत नाही. रात्रभर चाललेल्या मॉडेलच्या प्रशिक्षणात आकडा चुकला तर ते कळणारही नाही.

बायोस बदलावी का?

शक्यतो नाही. सॉफ्टवेअरमधून वाढवलेला वेग संगणक पुन्हा सुरू केला की मूळ जागी येतो. फक्त ‘सुरू होताना लागू करा’ या पर्यायावर काही दिवस खूण करू नये. बायोस भरताना मध्येच वीज गेली तर कार्ड बंद पडू शकते आणि आपल्याकडे ही शक्यता काल्पनिक नाही. काही कार्डांवर दोन बायोस आणि त्या बदलायची छोटी कळ असते, तिथे धोका कमी. वॉरंटीच्या अटी त्याआधी वाचाव्यात.

तापमानाचेही तसेच. डिसेंबरात स्थिर ठरलेला वेग नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत टिकेलच असे नाही. आरटीएक्स ३०९० सारख्या कार्डांतली जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंश सेल्सिअसला पोहोचली की कार्ड आपोआप वेग कमी करते. त्यामुळे चाचणी भर दुपारी घ्यावी. जुने कार्ड विकत घेणाऱ्यांनी तर आधी जीपीयू-झेडमधला बायोसचा क्रमांक आणि मेमरीचा मूळ वेग त्या मॉडेलच्या अधिकृत तपशिलाशी ताडून पाहावा. आधीच्या मालकाने बदललेली बायोस कार्डसोबतच नव्या मालकाकडे येते.