पाद्री ब्राँटे यांचे बिऱ्हाड

जन्म : पॅट्रिक ब्राँटे, १७ मार्च १७७७, काउंटी डाउन, आयर्लंड. मूळ आडनाव ब्रंटी; केंब्रिजला शिकताना ते ‘ब्राँटे’ झाले.

मुक्काम : वेदर्सफील्ड (१८०६), वेलिंग्टन व ड्यूसबरी (१८०९), हार्ट्सहेड (१८११), थॉर्नटन (१८१५), हॉवर्थ (१८२०).

संसार : १८१२मध्ये मराया ब्रॅनवेलशी लग्न. थोरल्या दोघी हार्ट्सहेडच्या काळातल्या. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन ही थॉर्नटनची.

पुढे : हॉवर्थला बिऱ्हाड स्थिरावले, पण दीडच वर्षात पत्नी गेली. ‘जेन आयर’, ‘वदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्या लेकी याच घरात वाढल्या. सहाही मुले वडिलांदेखत गेली.

निधन : ७ जून १८६१, हॉवर्थ, वय ८४.