थ्रेड वाढवले, तरी पॅकेटं का गळतात?

सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणारं नेटवर्क आज कोणत्याही डेटा सेंटरमध्ये साधी गोष्ट मानली जाते. पण त्याच्या टोकाला बसलेल्या सॉफ्टवेअरवर किती ताण असतो, ते आकडेमोड केल्यावर कळतं. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीची खूण आणि नंतरची सक्तीची मोकळी जागा धरली, तर तारेवर ती ८४ बाइट व्यापते. अशा फ्रेमनी तार पूर्ण भरली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं येतात. एका पॅकेटच्या वाट्याला आले ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या हिशेबात हे जेमतेम दोनशे ठोके. मुख्य मेमरीतून काही आणायचं, तर शंभरेक नॅनोसेकंद लागू शकतात. मेमरीकडे एक फेरी मारेपर्यंत पुढचं पॅकेट दारात उभं असतं.

राउटर, फायरवॉल आणि घुसखोरी ओळखणारी सॉफ्टवेअर या वेगाशी रोज झुंजतात. एका कोरला काम झेपेना, तर आणखी कोर लावावेत, प्रत्येकावर एक थ्रेड चालवावा, हे ओघानंच येतं. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: थ्रेडमध्ये काम वाटायचं कसं?

लग्नाच्या पंगतीत दोन प्रकारे वाढता येतं. एक जण भाजी, दुसरा वरण, तिसरा भात घेऊन सगळ्या पानांवरून फिरतो. किंवा एकेका वाढप्याला एकेक पंगत नेमून दिली जाते आणि तिथलं सगळं तोच वाढतो. पॅकेट हाताळणारं सॉफ्टवेअरही याच दोन रीतींनी बांधतात.

पहिली रीत पाइपलाइनची. एक थ्रेड नेटवर्क कार्डावरून पॅकेट उचलतो, दुसरा त्याचे थर उलगडतो, तिसरा नियमांशी ताडून पाहतो, चौथा पुढे पाठवतो. प्रत्येकाचं काम छोटं, त्यामुळे त्याचा कोड कोरच्या कॅशेमध्ये टिकून राहतो. तपासणी जड असेल, तर त्याच टप्प्याला जास्त थ्रेड देता येतात. पण दोन टप्प्यांमध्ये रांग असते आणि पॅकेट एका कोरकडून दुसऱ्याकडे गेलं, की त्याची माहितीही ६४-६४ बाइटच्या तुकड्यांनी एका कॅशेतून दुसऱ्या कॅशेत न्यावी लागते. ६७ नॅनोसेकंदांच्या हिशेबात ही ने-आण महाग पडते. शिवाय सर्वांत संथ टप्प्याचा वेग हाच सगळ्या यंत्रणेचा वेग ठरतो.

दुसऱ्या रीतीत जो थ्रेड पॅकेट उचलतो, तोच ते शेवटपर्यंत नेतो. इथे वाटणी नेटवर्क कार्ड करतं. पाठवणारा आणि घेणारा यांचे पत्ते व पोर्ट यांवरून ते एक हॅश काढतं आणि त्यानुसार पॅकेट एका ठराविक रांगेत टाकतं. या सोयीला ‘आरएसएस’ म्हणतात. एका संभाषणाची पॅकेटं एकाच थ्रेडकडे आली, की त्या संभाषणाची नोंद तो स्वतःजवळ ठेवू शकतो. दुसऱ्या कोणाचा तिला हात लागत नाही, म्हणून लॉकही लागत नाही.

या रीतीलाही दोन खाचखळगे आहेत. उत्तराच्या पॅकेटमध्ये पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते. साध्या हॅशमुळे प्रश्न एका थ्रेडकडे आणि उत्तर दुसऱ्याकडे जाऊ शकतं. दोन्ही दिशांना सारखंच उत्तर देणारा हॅश निवडणं म्हणून गरजेचं. दुसरा खळगा अवजड प्रवाहाचा. रात्रीच्या बॅकअपसारखं एकच मोठं संभाषण एका कोरला पुरतं दमवतं आणि बाकीचे रिकामे राहतात. तिथे थ्रेडची संख्या दुप्पट केली, तरी काही फरक पडत नाही.

घुसखोरी ओळखणाऱ्या सुरिकाटा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा फरक प्रत्यक्ष पाहायला मिळतो. त्याआधीचं, याच कामाचं, मार्टिन रोश यांनी १९९८मध्ये आणलेलं स्नॉर्ट बराच काळ एकाच थ्रेडवर चालत होतं. जास्त कोर वापरायचे, तर अनेक प्रती चालवाव्या लागत आणि प्रत्येक प्रत नियमांचा सगळा संच वेगळा भरून घेई. २०१०मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेलं सुरिकाटा मात्र बहुथ्रेडी होतं. त्याच्या ‘ऑटोएफपी’ पद्धतीत काही थ्रेड पॅकेटं उचलून इतरांना वाटतात. ‘वर्कर्स’ पद्धतीत प्रत्येक थ्रेड सगळं काम स्वतः करतो. साधारणपणे ‘वर्कर्स’च वेगवान ठरते, असं प्रकल्पाची कागदपत्रं सांगतात. साठवलेली पॅकेटं फाइलमधून वाचताना वाटणी करायला कार्ड नसतं, तिथे ‘ऑटोएफपी’ कामी येते. स्नॉर्टनंही २०२१च्या तिसऱ्या आवृत्तीत एकच मांडणी वाटून घेणारे अनेक थ्रेड स्वीकारले.

थ्रेडच्या वाटणीआधी एक अडथळा पार करावा लागतो. १९९६मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी दाखवलं, की पॅकेटांचा पूर आला तर प्रोसेसर इंटरप्ट घेण्यातच गुंततो आणि उपयोगी काम शून्यावर येऊ शकतं. हे टाळण्यासाठी इंटेलमध्ये सुरू झालेल्या डीपीडीके या सॉफ्टवेअर संचानं ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला वळसा घातला. त्यात प्रत्येक थ्रेड एका कोरला बांधलेला असतो आणि ‘पॅकेट आलं का’ असं तो कार्डाला सतत विचारत राहतो. किंमत अशी, की एकही पॅकेट नसलं तरी तो कोर शंभर टक्के व्यस्त दिसतो आणि वीज खातो.

व्हीपीपी या सॉफ्टवेअरनं दोन्ही रीतींचा मेळ घातला आहे. त्यात एकच थ्रेड २५६पर्यंत पॅकेटांचा गठ्ठा घेतो, पहिला टप्पा सगळ्यांवर उरकतो, मग दुसरा. टप्प्याचा कोड गठ्ठ्यातल्या पहिल्या पॅकेटसाठी कॅशेत येतो आणि उरलेल्यांना तयार मिळतो. पाइपलाइनचा फायदा मिळतो आणि पॅकेट दुसऱ्या कोरकडे द्यावं लागत नाही.

नवी यंत्रणा उभारणाऱ्यांनी सुरुवात दुसऱ्या रीतीनंच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलं आहे, त्याच्याच मेमरीत आणि कोरवर काम ठेवावं. कार्डाला वाटणी जमत नसेल किंवा एखादा टप्पा बाकीच्यांहून फारच जड असेल, तरच पाइपलाइनकडे वळावं. चाचणी लहान पॅकेटांवर घ्यावी आणि एकूण वेगावर समाधान न मानता प्रत्येक थ्रेडनं किती पॅकेटं गाळली ते वेगवेगळं पाहावं. थ्रेड किती हवेत हे नंतर ठरवा. कोणती माहिती दोन थ्रेडना एकाच वेळी लागते, ते आधी शोधा आणि ती शक्य तितकी कमी करा.